साडूभाऊंचे कान आणि दोन ॲम्प्लिफायर

साडूभाऊ ठार बहिरे झाले, ही बातमी मला न्हाव्याच्या खुर्चीत कळली. अर्ध्या गालावर साबण होता, त्यामुळे नीट दचकताही आलं नाही. न्हाव्याने वस्तरा हवेत धरला, माझ्या कानाशी वाकला आणि कुजबुजला, "तुमचे ते चष्मेवाले साडू... दोन्ही कानांनी गेले म्हणे. ती यंत्रं ऐकून ऐकून."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतायत. काल बेकरीवाल्याने काहीतरी विचारलं, तर यांनी उत्तरच दिलं नाही."

आता बेकरीवाल्याला उत्तर देणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. तो प्रश्न विचारतो आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकतो. पण मला नवल वाटलं ते त्या कुजबुजण्याचं. ज्याच्याबद्दल बोलायचं तो बहिरा, मग आवाज बारीक कशाला? खुशाल ओरडा की!

ही अफवा मी उठवलेली नव्हती, हे आधीच सांगतो, कारण ऐकणाऱ्यांचा पहिला संशय माझ्यावरच जातो. आमच्या भागातल्या निम्म्या बातम्या माझ्या ओट्यावरून सुटतात. त्यामुळे घरातली बातमी मला बाहेरून कळावी, तीही तोंडाला साबण असताना, हे मला फार लागलं.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वयाने माझ्याहून लहान, नात्याने मोठे. मी नात्याचा मान ठेवून त्यांना 'अहो' म्हणतो, ते वयाचा मान ठेवून मला 'अहो' म्हणतात, आणि या अहो-अहोमुळे इतक्या वर्षांत आमचं एकही भांडण धड रंगलेलं नाही. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. अरुंद, लांबट. दारापाशी आरसा, मग फ्रेमांची काचेची कपाटं, मग गिऱ्हाइकाने बसायचं बाक, आणि अगदी आत ती उंच खुर्ची, जिच्यावर बसलं की समोरच्या भिंतीवरची अक्षरं वाचायची. नाकावर ती जड काळी तपासणीची फ्रेम चढवायची आणि साडूभाऊ एकेक काच त्यात सरकवत विचारणार, "ही बरी, की ही?"

दिवसभर हाच प्रश्न. ही बरी, की ही. मी एकदा ताईंना म्हटलं, "लग्नाच्या वेळीसुद्धा यांनी असंच विचारलं असेल." ताई, म्हणजे माझी मेव्हणी, फ्रेमचा एवढासा स्क्रू दातात धरून होत्या. तो काढून म्हणाल्या, "नाही. तेव्हा एकच दाखवली होती."

साडूभाऊ या प्रश्नाबरोबर एक चलाखी करायचे. मधेच ते काच काढल्यासारखं करायचे आणि तीच काच परत घालायचे. गिऱ्हाईक म्हणालं की "हां, ही जास्त बरी," तर ते ओळखायचे की साहेब दमले, आता अंदाजाने बोलायला लागले. मग त्याला पाणी द्यायचे, जरा गप्पा मारायचे आणि पुन्हा सुरुवात करायचे. माझ्यावर त्यांनी हा प्रयोग केला तेव्हा तीच काच मी तीनदा 'फारच छान' म्हणून पसंत केली होती. त्यांनी मला पाणी देण्याऐवजी थेट घरी पाठवलं.

तर डोळे हा त्यांचा धंदा, आणि जीव मात्र कानात. दुकानाच्या वरच्या खोलीत त्यांचा संसार होता. म्हणजे ताईंबरोबरचा नव्हे, तो मागच्या खोल्यांत. वर होते दोन उभे स्पीकर, कपाटाएवढे, तबकड्यांच्या रांगा, आणि मधोमध ॲम्प्लिफायर. न जाणणाऱ्यासाठी सांगतो, तबकडीवरून येणारा आवाज मुंगीएवढा असतो. त्याला स्पीकर हलवण्याइतकं बळ देणारी पेटी म्हणजे ॲम्प्लिफायर. एवढंच तिचं काम. पण एवढंच म्हणून थांबला तर तो शौकीन कसला?

हा शौक मला लावला साडूभाऊंनी, आणि मी त्यात त्यांच्याही पुढे गेलो. त्यांना निदान गाणं आवडायचं. मला पेट्याच आवडायला लागल्या. मनगटाएवढ्या जाड तारा आणल्या. तारा जमिनीला टेकल्या तर आवाज मंदावतो असं कुठेतरी वाचलं, म्हणून त्या लाकडी ठोकळ्यांवर ठेवल्या. पेटीची थरथर थांबावी म्हणून वर संगमरवराची लादी ठेवली. त्यानंतर गायिकेचा आवाज कसा पायावर घट्ट उभा राहिला, हे मी महिनाभर येईल त्याला सांगत होतो. पुढे कळलं की आमच्या हिने ती लादी इस्त्री ठेवायला केव्हाच पळवली होती.

"अहो, मग तो आवाज उभा कशावर होता?" ही विचारायची. अजून विचारते. पाहुण्यांसमोर.

या सगळ्या वेडाला खतपाणी घालणारा गृहस्थ म्हणजे यंत्रांचा दुकानदार. त्याला आम्ही पडदेवाले म्हणायचो. तो पडदे विकत नव्हता, पण कुठलंही नवं यंत्र दाखवताना हात पसरून म्हणायचा, "समोरचा पडदा बाजूला झाल्यासारखं वाटेल, साहेब!" दर वर्षी नवं यंत्र, दर वर्षी पडदा बाजूला. किती पडदे होते देव जाणे. इतके बाजूला होऊनही पुढच्या वर्षी एक शिल्लक असायचाच. त्याच्या जाहिरातींतली भाषा मला तोंडपाठ होती. आवाजाला श्वास आहे. तारेतलं तांबं एकाच दिशेने झोपलेलं आहे. शांतता अधिक काळीशार आहे. या शेवटच्या वाक्यावर तर मी डोळे मिटून मान डोलावली होती. शांतता खरंच काळी होती. डोळे मिटल्यावर असतेच.

आणि यंत्र घरी नेल्यावर काही वेगळं वाटलं नाही तर? त्याचंही उत्तर त्याच्याकडे तयार. "महिनाभर वाजू द्या, मग खुलेल." महिन्याभरात परत करायची मुदत संपायची आणि आपले कान खुलायचे.

त्या वर्षी पडदेवाल्याने बाजाराच्या चौकात नवी मोठी जागा घेतली. त्यात एक खास ऐकायची खोली होती. भिंतींना जाड कापड, मऊ खुर्च्या, मंद दिवे. आणि तो साडूभाऊंकडे आला. मी बाकावर होतो, म्हणजे नेहमीच्या जागी.

"ही खोली तुम्ही चालवा," तो म्हणाला. "भागीदार म्हणून. तुमच्यासारखा कान या भागात दुसरा नाही. तुम्ही 'फरक आहे' म्हणालात की लोक मान तुकवतात."

साडूभाऊ हातातला चष्मा पुसत राहिले. तो चष्मा आधीच स्वच्छ होता. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी लाजताना पाहिलं नव्हतं, ते तेव्हा पाहिलं. हे दुकान त्यांच्या वडिलांचं. शाळा सुटली तशी त्यांना त्या उंच खुर्चीमागे उभं केलं होतं, ते तिथेच. लोकांना दिसावं म्हणून सगळा जन्म गेला, आणि आता कोणीतरी म्हणत होतं की या, बसा, आणि ऐका. ऐकण्यासाठी आम्ही तुम्हाला ठेवू.

"चष्म्याचं दुकान?" त्यांनी शेवटी विचारलं.

"पुतण्याला द्या. तुमचे डोळे पुरे झाले, आता कानांचं बघा." पडदेवाला जाहिरातीतच बोलायचा. मग त्याने पुठ्ठ्याचं मोठं खोकं बाकावर, म्हणजे जवळजवळ माझ्या मांडीवर, ठेवलं. "नवा ॲम्प्लिफायर. उद्घाटनाला हाच मांडणार. तोवर घरी ऐका. त्या दिवशी पाहुण्यांसमोर साधं यंत्र आणि हे यंत्र, दोन्ही वाजवू, आणि काय फरक आहे ते तुम्ही तुमच्या शब्दांत सांगा. बस्स. दुसऱ्या दिवसापासून खोली तुमची."

तो गेल्यावर ताई आतून आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनाही चांगलं ऐकू येतं.

"जायचंय तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"जायचंय," साडूभाऊ म्हणाले. इतकं चटकन की ताईंनाच हसू आलं.

नवा ॲम्प्लिफायर वरच्या खोलीत लागला आणि पहिल्या दुपारी आम्ही दोघं वेडे झालो. साडूभाऊंनी आधी जुन्या पेटीवर तबकडी लावली, मग तीच नव्या पेटीवर. काय सांगू! गायिका दोन पावलं पुढे आली. व्हायोलिनवाल्याच्या बोटांची सरसर ऐकू यायला लागली.

"वादकाची खुर्ची कुरकुरली, ऐकलंत?" मी ओरडलो. "जुन्यावर कधी ऐकू आली नव्हती!"

"ती तुमची खुर्ची," साडूभाऊ म्हणाले. पण तेही खुशीत होते.

आमच्यासारखे इतर शौकीन असतात ते इथेच थांबतात. साडूभाऊ थांबले नाहीत, कारण त्यांना उद्घाटनाला उभं राहून नेमकं बोलायचं होतं, आणि नेमकं पारखायची त्यांना एकच रीत येत होती. त्यांनी दोन्ही पेट्यांपुढे दोरीवर चादर टाकली. ताईंना चादरीमागे बसवलं. स्पीकरच्या तारा काढून या पेटीला किंवा त्या पेटीला लावायच्या, आणि म्हणायचं, ही बरी, की ही? कोणती ते सांगायचं नाही.

"मधे मधे बदलू नको," त्यांनी ताईंना बजावलं. "तार काढायची आणि त्याच पेटीला परत लावायची."

"म्हणजे गिऱ्हाइकाला करता तसं?"

"अगदी तसंच."

ताई मागे बसल्या, हातात विणकाम. तबकडीचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा. आणि साडूभाऊ एकदाही चुकले नाहीत! नवी की जुनी, अचूक सांगत होते, पेटी बदललेली नसली तर तेही ओळखत होते. मी टाळ्या वाजवल्या. ताईंनी चादरीवरून डोकं वर काढून मान डोलावली. पडदा खरोखरच बाजूला झाला होता, निदान चादरीचा.

खाली उतरलो तो एक गिऱ्हाईक खोळंबलं होतं. निवृत्त पोस्टमन. साडूभाऊंनी त्याला उंच खुर्चीवर बसवलं आणि काचा घालायला घेतल्या. त्या दिवशी ऊन-सावलीचा खेळ चालला होता.

"ही बरी, की ही?"

"ही, ही," पोस्टमन म्हणाला. "दुसरी. एकदम लख्ख!"

साडूभाऊंनी खिडकीकडे पाहिलं. "काच नाही हो लख्ख झाली. ऊन आलं. उजेड वाढला की कुठलीही काच बरीच वाट—"

आणि ते थांबले. हातात काच, तोंड अर्धं उघडं. मग त्यांनी हळूहळू मान वर केली आणि छताकडे पाहिलं. छतावर काही नव्हतं. छताच्या वर ती खोली होती.

"काय झालं?" पोस्टमन घाबरला. "डोळ्यात काही दिसलं का?"

"नाही," साडूभाऊ म्हणाले. "तुमचे डोळे उत्तम आहेत."

पोस्टमनला वाटेला लावून ते सरळ शेजारच्या वायरमनकडे गेले आणि विजेचा दाब मोजायचा मीटर मागून आणला. मला त्यांनी जिन्यातच सांगितलं. नवी पेटी थोडी मोठ्याने वाजत होती. अगदी थोडी. 'आवाज मोठा आहे' असं वाटण्याइतकी नाही, पण 'छान आहे' असं वाटण्याइतकी. कानालाही उजेड वाढला की सगळं लख्ख वाटतं. पडदेवाल्याच्या दुकानात महाग यंत्राचं बटण नेहमी जरासं पुढे असतं, हेही त्यांना तेव्हाच आठवलं.

त्यांनी एकसुरी आवाजाची एक तबकडी लावली, मीटर स्पीकरच्या तारांना टेकवला, आणि दोन्ही पेट्यांचा आकडा तंतोतंत सारखा येईपर्यंत बटणं फिरवली. मग बटणांवर चिकटपट्टी लावली. ताई पुन्हा चादरीमागे गेल्या.

"ही बरी, की ही?"

साडूभाऊ डोळे मिटून बसले होते.

"ही," म्हणाले.

"बदललीच नव्हती," चादरीमागून आवाज आला.

मग पुन्हा. मग पुन्हा. अर्धी उत्तरं बरोबर, अर्धी चूक, नाणं उडवून सांगितल्यासारखी. त्यांनी तबकडी बदलली. पियानो लावला, मग नुसतं बोलणं, मग पुन्हा गायिका. खुर्ची पुढे घेतली. कपाळावर घाम आला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. तेच.

"तुम्ही बसा," ते मला म्हणाले. आवाजात आशा होती. "कदाचित माझंच काही असेल."

मी बसलो. अहो, बसलो म्हणजे काय, आसनस्थ झालो. पाय पसरले, डोळे मिटले, चेहऱ्यावर जाणकाराचं स्मित आणलं. ताईंनी पहिली लावली, मग दुसरी, आणि माझा बांध फुटला. "ही नवी! यात शंकाच नाही. पहिलीत आवाज चपटा होता, पिठासारखा. हिच्यात खोली आहे, पोत आहे, शांतता बघा कशी काळीशार आहे! गायिकेच्या गळ्यातलं दुःखसुद्धा..."

मी बराच वेळ बोललो. गायिकेच्या दुःखावरून तिच्या बालपणापर्यंत गेलो. मला कोणी थांबवलं नाही. शेवटी डोळे उघडले तर साडूभाऊ जमिनीकडे पाहत होते आणि चादर गदागदा हलत होती. ताई मागे पोट धरून हसत होत्या.

"काय झालं?"

"दोन्ही वेळा जुनीच होती," ताई म्हणाल्या. त्यांना धड बोलवेना. "तुमचीच जुनी, तुम्हीच यांना विकलेली!"

खरंच. ती जुनी पेटी मी साडूभाऊंना विकली होती. कारण? आवाज चपटा वाटायचा म्हणून.

उद्घाटन जवळ आलं तसे साडूभाऊ दुकानात काचा सरकवत, पण प्रश्न विचारायला विसरत. मी त्यांना समजावलं. मी नेहमी चुकीचंच समजावतो, पण फार प्रेमाने.

"जरा म्हणून टाका की," मी म्हटलं. "थोडा पोत, थोडा श्वास. कोणाचं काय जातं? खोली मिळेल. मऊ खुर्च्या आहेत हो तिथे."

"दिवसभर तेच म्हणावं लागेल," ते म्हणाले. "रोज. येईल त्याला."

"मी रोजच म्हणतो. काही होत नाही."

ते हसले. मग म्हणाले, "तुम्ही ऐकू येतं म्हणून म्हणता. तुम्हाला खरंच ऐकू येतं. मला आता येत नाही."

माझ्यावर असा विश्वास आजवर कोणी दाखवला नव्हता. मला क्षणभर बरंही वाटलं. मग लक्षात आलं की त्यांनी मला वेड्यात काढलं होतं, तेही अहो-जाहो करून.

उद्घाटनाला चांगलीच गर्दी होती. सरबत, हारतुरे, मंद दिवे. आमची ही आणि ताई पहिल्या रांगेत. सासूबाईही आल्या होत्या. त्यांना कमी ऐकू येतं, पण मऊ खुर्चीचं त्यांनी फार कौतुक केलं. पडदेवाल्याने साधं यंत्र वाजवलं, मग नवं. बटण जरासं पुढे, हे आता मलाही दिसलं. पाहुण्यांमधून 'वा' आली. मग त्याने हात पसरले.

"आता आपले जाणकार सांगतील!"

साडूभाऊ उठले. इस्त्रीचा सदरा, हात पाठीमागे. मी शपथेवर सांगतो, त्यांना ती खोली त्या क्षणीही हवी होती. भिंतींच्या कापडावरून, खुर्च्यांवरून त्यांची नजर अशी फिरली जशी घर बघायला आलेल्या माणसाची फिरते.

"यंत्र सुबक आहे," ते म्हणाले. "बांधणी मजबूत आहे. एवढ्या मोठ्या दालनात, खूप मोठ्याने लावलं, तर लहान यंत्राचा दम उखडेल, आवाज फाटेल. याचा नाही फाटणार. तेवढा फरक खरा आहे. पण तुमच्या बैठकीच्या खोलीत, बेताच्या आवाजात, दोन्हींचं बटण सारखं ठेवून..." इथे ते थांबले. "मला फरक ऐकू आला नाही."

पडदेवाला हसला. सगळ्यात आधी तोच हसला, हे त्याचं कौशल्य. "साहेबांना आज सर्दी झालीय!" लोकही हसले, सरबत फिरलं, आणि मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "आम्हाला तर स्पष्ट ऐकू आला बुवा."

दुसऱ्या दिवशी खोकं परत करायला आम्ही दोघं गेलो. मी सोबतीला, आणि काय होतं ते बघायला. मुख्यतः बघायला. पडदेवाला चिडला नव्हता. उलट त्याने चहा मागवला.

"हे बघा," तो म्हणाला, "मला तुम्ही अजून हवे आहात. लोक विसरतात. तुम्ही एवढंच म्हणा की त्या दिवशी सर्दी होती, कानांना दडे बसले होते. पुढच्या आठवड्यात पुन्हा छोटा कार्यक्रम ठेवू. खोली तुमचीच."

चहा आला. साडूभाऊंनी कप उचलला नाही. मी माझा उचलला आणि त्यांना टेबलाखालून पायाने ढोसलं. हो म्हणा, हो म्हणा. ढोसता ढोसता पडदेवाल्याच्याच पायाला लागलं. तो माझ्याकडे चमकून बघायला लागला.

"सर्दी नव्हती," साडूभाऊ म्हणाले.

"अहो, नसेल. पण म्हणायला काय—"

"सर्दी नव्हती. कान मोकळे होते."

पडदेवाल्याने सुस्कारा सोडला. "मग लोक विचारतील तेव्हा मी काय सांगू? तुमच्यासारख्या माणसाला फरक ऐकू आला नाही, तर लोक यंत्राबद्दल शंका घेतील. मला काहीतरी सांगावंच लागेल."

"जे सांगायचं ते सांगा," साडूभाऊ म्हणाले, आणि तेव्हा त्यांनी चहा घेतला. थंड झाला होता. तरी सगळा घेतला.

परतताना त्यांनी चौक ओलांडल्यावर फक्त एकदा मागे वळून पाहिलं, त्या दुकानाच्या पाटीकडे. मग म्हणाले, "खुर्च्या चांगल्या होत्या."

पडदेवाल्याने जे सांगायचं ते सांगितलं. खूप हळहळून, अगदी आदराने. "मोठा जाणकार होता हो. पण गेलं ऐकू यायचं. वय झालं." ही बातमी त्याच्या दुकानातून बेकरीत, बेकरीतून न्हाव्याकडे, आणि न्हाव्याकडून साबणासकट माझ्याकडे आली.

त्यानंतर चष्म्याच्या दुकानात जी धमाल सुरू झाली तिच्यापायी मी बाक सोडेना. गिऱ्हाइकं उंच खुर्चीवर बसून भिंतीवरची अक्षरं गर्जना केल्यासारखी वाचत. "ही बरी!" असं कोणी ओरडलं की कपाटातल्या काचा खडखडत. निवृत्त पोस्टमन तर हातवारे करून बोलायला लागला. सासूबाईंना फार आनंद झाला. घरात आता त्यांना जोडीदार मिळाला होता. त्या साडूभाऊंजवळ खुर्ची ओढून बसत आणि ओरडून सांगत, "जावईबापू, लाज नाही वाटू द्यायची! लोक हळू बोलतात, चूक त्यांची!" साडूभाऊ मान हलवत. नाही म्हणून सांगायला जावं तर त्यांना ऐकू कुठे जाणार?

"तुम्ही स्पष्ट का सांगत नाही सगळ्यांना?" मी एकदा विचारलं.

"सांगितलं होतं की," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर. उभं राहून."

ऐकायची खोली आता एक तरतरीत गृहस्थ चालवतात. त्यांना सगळं ऐकू येतं. तारेतलं तांबं कोणत्या दिशेने झोपलंय हेसुद्धा. मला त्या जागेसाठी कोणी विचारलं नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. त्या खोलीसाठी जन्मलेला एकच माणूस या भागात होता आणि तो बाकावर बसून होता.

तो नवा ॲम्प्लिफायर मी घेतला. हो, सगळं डोळ्यांनी पाहून आणि कानांनी ऐकून. ताईंनी बातमी ऐकली तेव्हा विणकाम बाजूला ठेवलं आणि पुन्हा पोट धरून हसल्या. आमच्या हिने लादी परत आणून त्याच्यावर ठेवली, आपणहून. म्हणाली, "आता तरी आवाज उभा राहू दे." फार सुंदर वाजतो. अजून पुरता खुललेला नाही.

साडूभाऊ अजून दिवसभर काचा सरकवतात, आणि दुपारी दुकानाची दारं लोटून वर जाऊन माझी जुनी पेटी ऐकतात. भागीदारीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, पडदेवाल्यानेही नाही.

बाकी खरं म्हणाल तर एवढंच. साडूभाऊंचे कान चांगले होते. बेताच्या आवाजात त्या दोन ॲम्प्लिफायरमध्ये फरक नव्हता.